दहा इंच

सही कुठे करायची ते डॉक्टरांनी निळ्या पेनाने फुली मारून दाखवलं होतं, आणि त्या फुलीकडे बघत ती गेला अर्धा तास कटिंगच्या टेबलापाशी उभी होती. उभी म्हणजे आपली तिच्या परीने उभी... डावा हात टेबलावर टेकलेला, कंबर उजवीकडे कललेली, आणि डावा पाय जमिनीला जेमतेम लागेल एवढाच ठेवलेला. कागद पंख्याने उडू नये म्हणून तिने त्यावर मोठी कात्री ठेवली होती. कात्रीच्या दोन पात्यांच्या मधून 'मणक्याच्या शस्त्रक्रियेस माझी संमती आहे' एवढी एकच ओळ दिसत होती, आणि ती ओळ तिने इतक्या वेळा वाचली होती की आता त्यातल्या कुठल्याच शब्दाला काही अर्थ उरला नव्हता.

पलीकडे मास्तर मशीन चालवत होते. मास्तर म्हणजे तिचे यजमान. गावात कोट शिवून घ्यायचा तर मास्तरांकडेच, असं लोक म्हणायचे आणि मास्तरही ते मानायचे. मशीन तर धडधडत होतं, पण सुईत दोरा नव्हता. एवढं तिला इतक्या लांबूनही दिसत होतं. माणूस तीस वर्षं मशीनवर बसतो आणि बिनदोऱ्याची शिवण घालत राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे बायकोला वेगळं विचारावं लागत नाही. सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि आज गुरुवार होता.

दुखणं तीन वर्षांचं. आधी नुसती कंबर धरायची, मग कंबरेतून एक सणक निघून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत जायला लागली. सकाळी मोजे घालायचे म्हणजे एक युद्धच! पलंगाच्या कडेला बसून ती आधी पायाची मनधरणी करायची, मग मोज्याची, आणि शेवटी मास्तर न बोलता खाली वाकून मोजा चढवून द्यायचे. मलमं झाली, पट्टे झाले, गोळ्या झाल्या, दोन महिने व्यायाम झाले. मग तो मोठ्या नळकांड्यात घालून काढलेला फोटो झाला, आणि डॉक्टरांनी तो उजेडात धरून सांगितलं की खालच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर आली आहे, व्यायामाने काही फरक पडलेला दिसत नाही, तेव्हा आता ऑपरेशन करून चार स्क्रू बसवावे असं माझं मत आहे.

तिची लेक शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे घरातल्या प्रत्येक दुखण्याची आकृती काढून दाखवायची तिला खोडच होती. तिने टेलरच्या खडूने काळ्या कापडाच्या तुकड्यावर मणके काढले, गादी काढली, दबलेली नस काढली, आणि आईला विचारलं की आता तरी समजलं का. समजलं तर होतंच. समजत नव्हतं ते एवढंच की या सगळ्याला हो म्हणायचं की नाही. लेक म्हणे, करून टाक आई, रोज मरतेस त्यापेक्षा बरं. मास्तर म्हणत, तू ठरवशील तसं. आणि 'तू ठरवशील तसं' यासारखं जड वाक्य घरात दुसरं नसतं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती फक्त तिलाच ठाऊक होती. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, कामात वाकावं लागतं का? तिने सांगितलं होतं, नाही, टेबलावर कापते, उभ्याने. टेबलावर कापते हे खरं होतं. उभ्याने कापते हेही खरं होतं. आणि तरीही ते धडधडीत खोटं होतं! शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मास्तरांनी तोंड उघडलं होतं आणि पुन्हा मिटलं होतं. कारण त्या घरात टेबलाचा विषय काढणं म्हणजे भावजींचा विषय काढणं, आणि तो विषय अकरा वर्षांत कुणी काढला नव्हता.

भावजी म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. लहानपणीच्या तापात त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. कुबडी घेऊन चालायचे, पण फार वेळ उभं राहणं काही जमायचं नाही. पोरगा चौदा वर्षांचा झाला, हातात कात्री सुरेख चालायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी एके दिवशी करवत घेतली आणि घराण्याच्या त्या लांबलचक सागवानी टेबलाचे चारही पाय खालून कापून टाकले. आता भावजींना स्टुलावर बसून कापता येईल. बाकीचे सगळे मशीनवर बसत, तेव्हा टेबल बुटकं झाल्याने कुणाचं काही अडलं नाही. भावजींचे हात लांब. बसल्या जागेवरून ते टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत कात्री नेत, आणि गावातले लोक त्यांना धाकटे मास्तर म्हणू लागले.

ती या घरात आली तेव्हा तिला बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं. मास्तरांना शिकवायला धीर नव्हता. ते एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा कपाळाला आठ्या घालायचे. तिला शिकवलं ते भावजींनी. कापडाची उलटी-सुलटी बाजू बोटाने कशी ओळखायची, खडू आडवा न धरता टोकावर कसा धरायचा, खांद्याचा उतार माणसाकडे नुसतं बघून कसा ताडायचा... हे सगळं हसत-खेळत, चिडवत. तिला भाऊ नव्हता. त्या टेबलापाशी दुसऱ्या स्टुलावर बसून शिकताना तिला आपल्याला भाऊ नाही हे आठवायचंच बंद झालं होतं.

आणि मग तो वकिलांचा कोट आला. कापड अरुंद पन्ह्याचं, परदेशातून कुणी भेट म्हणून आणलेलं, पुन्हा मिळणं शक्य नाही असं. भावजी मागे जेवायला गेले होते. तिला वाटलं, ते येईपर्यंत बाह्या कापून ठेवू, खूश होतील. कापड दुहेरी घालायला पुरत नव्हतं म्हणून एकेरीच पसरलं, कागदी नमुना ठेवून एक बाही कापली, मग तोच नमुना तसाच उचलून पुढे ठेवला आणि दुसरी कापली. उलटा करायला विसरली! दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. शिंप्याच्या घरात लहान पोरही असं करणार नाही, पण झालं खरं... आणि कापड संपलं होतं.

भावजी आले, त्यांनी एकदाच टेबलाकडे पाहिलं आणि तिच्या हातातून कात्री काढून घेतली. नेमके त्याच वेळी मास्तर वकिलांना घेऊन आत आले. भावजी म्हणाले, "माझ्या हातून चुकलं." मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला आणि परक्या माणसासमोर ते बोलून गेले, "बसून कापणाऱ्याकडून आणखी काय होणार!" तिच्या जिभेवर शब्द आला होता. मी, मी कापल्या, एवढेच दोन शब्द. पण तोंड उघडेना. दुपारच्या गाडीने भावजी निघून गेले, आपली कात्री आणि आपलं स्टूल घेऊन. जाताना तिला एवढंच म्हणाले, "वहिनी, खडू टोकावर धरत जा."

तेव्हापासून कटिंग तिच्याकडे आलं. बसून तिचा हात पलीकडच्या कडेला पोचत नसे, म्हणून ती उभ्याने कापायची, त्या बुटक्या टेबलावर, कंबरेत वाकून, दिवसाचे सात-आठ तास. मास्तर एकदा म्हणाले होते, टेबल उंच करून घेऊ. ती म्हणाली, मला सवय झाली आहे, राहू द्या. कुणी म्हणेल, बाई, उंच करायचं होतंस, माणूस परत आला की पुन्हा कापायचे होते पाय! हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. पण भावजी दारात यावेत आणि आपली जागा दुसऱ्या कुणाच्या मापाची झालेली त्यांना दिसावी, ही कल्पनाच तिला सहन व्हायची नाही. एका माणसाचं घर आपण हिरावून घेतलं, निदान त्याचं टेबल तरी आपण राखू... असा तिचा हिशेब होता. कंबर दुखायला लागली तेव्हा तर तिला आतून कुठेतरी बरंच वाटलं. फेडतोय आपण काहीतरी, असं वाटलं. आता यावर हसावं की रडावं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पाठ फाडून घ्यायला तयार झालेली ही बाई टेबलाच्या पायाला हात लावायला तयार नव्हती, हे मात्र खरं.

त्या गुरुवारी सही झालीच नाही. लेक शाळेतून आली, तिने कात्रीखालचा कागद पाहिला, आईचा चेहरा पाहिला, सुईत दोरा नसलेलं मशीन पाहिलं, आणि परत बाहेर गेली. काकाचा नंबर तिच्याकडे होता. भावजी इतकी वर्षं फक्त पुतणीच्याच वाढदिवसाला पत्र पाठवायचे, आणि पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, वहिनींना नमस्कार सांग. ती ओळ लेक आईला वाचून दाखवायची आणि आई कामात असल्यासारखं करायची.

शनिवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर कुबडीचा आवाज आला. टक्... आणि मग पाय ओढल्याचा. तो आवाज घरातल्या तिघांनीही ओळखला, पण मान वर करायची हिंमत कुणाला होईना. भावजी दारात उभे होते. केस पांढरे झालेले, अंगात नीटस शिवलेला कोट, खांद्याला पिशवी. मास्तर उठले, मग बसले, मग पुन्हा उठले. अकरा वर्षं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं असतील त्यांच्यापाशी, पण त्यातलं एकही वेळेवर सापडलं नाही.

"चहा घेशील?" मास्तर म्हणाले.

"घेईन की," भावजी म्हणाले, आणि आत आले.

ते सरळ टेबलापाशी गेले. लाकडावरून त्यांनी हात फिरवला, कडेला त्यांच्याच कात्रीने पडलेला जुना ओरखडा होता त्यावर अंगठा ठेवला. मग त्यांचं लक्ष टेबलाच्या पायांकडे गेलं, आणि तिथून तिच्या वाकड्या उभं राहण्याकडे.

"हे अजून एवढंच आहे?"

"तुमचं टेबल आहे, भावजी."

"आणि यावर कापतं कोण?"

"मी."

"बसून?"

"बसून माझा हात पुरत नाही."

पुढे होऊन भावजींनी तिच्या गळ्यातली टेप काढून घेतली. म्हणाले, वहिनी, सरळ उभ्या राहा, जमेल तेवढ्या. टेपचं एक टोक त्यांनी तिच्या कोपराला लावलं. दुसरं टोक खाली जमिनीपर्यंत न्यायचं होतं, पण त्यांना वाकता येईना, म्हणून त्यांनी ते मास्तरांपुढे धरलं. "दादा, खाली धर." आणि गावभरच्या लोकांची मापं घेतलेले मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं माप घ्यायला गुडघे टेकून बसले आणि टेपचं टोक जमिनीला लावून धरलं. त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची मापं निघाली होती. तिचं मात्र कुणी घेतलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा नाही.

"एकोणचाळीस," भावजी म्हणाले. मग टेबलाला टेप लावली. "सव्वीस. उभ्याने कापायचं तर टेबल कोपराच्या तीनच इंच खाली हवं. म्हणजे छत्तीस." ते थांबले. "दहा इंच, वहिनी. अकरा वर्षं रोज दहा इंच खाली वाकत होतात तुम्ही. माझ्यासाठी?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती म्हणाली की तुम्ही परत आला असतात आणि टेबल उंच झालेलं दिसलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं... पुढचं तिला बोलवेना. भावजींनी तिच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र हलायला लागलं. आधी तिला वाटलं ते रडताहेत. मग कळलं की ते हसू दाबताहेत, आणि ते दाबलं जात नाहीये.

"वहिनी, मी गणवेशाच्या कारखान्यात मुख्य कटर आहे," ते म्हणाले. "तिथली टेबलं छत्तीसचीच. माझ्यासाठी कोण पाय कापतंय? त्यांनी मला उंच स्टूल करून दिलं, पाय ठेवायला खाली फळी. नऊ वर्षं मी तसाच बसतो. या टेबलाखाली आता माझे गुडघेसुद्धा जायचे नाहीत."

ती बघतच राहिली. अकरा वर्षांची तपश्चर्या, आणि ज्याच्यासाठी केली त्याला ते टेबल आखूड पडतंय! दाराशी उभ्या असलेल्या लेकीला हसू आवरेना, तिने तोंडावर वही धरली. आणि मग तिलाही हसू फुटलं, अगदी रडता रडता, आणि हसण्याने कंबरेत अशी कळ आली की टेबलाला धरून उभं राहावं लागलं. आई गं म्हणत हसायचं आणि हसत आई गं म्हणायचं, असं दोन मिनिटं चाललं. हसून झाल्यावर मात्र तिला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

"त्या दोन बाह्या भावजींनी नव्हत्या कापल्या," ती मास्तरांना म्हणाली. "मी कापल्या होत्या."

मास्तर अजून जमिनीवरच बसले होते, हातात टेपचं टोक घेऊन. त्यांनी मान वर केली नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात कळलं. कापलेले तुकडे उचलताना खडूची रेघ दिसली. रेघ जाड होती. त्याची रेघ केसाएवढी असते."

हसू कुठल्या कुठे पळालं. तिला पहिल्यांदा काही समजेचना, आणि समजलं तेव्हा असा संताप आला की ती कंबर विसरली. माहीत होतं! अकरा वर्षं माहीत होतं, आणि हा माणूस समोर बसून मशीन चालवत राहिला, मोजे चढवत राहिला, आणि तिला एका अक्षराने कळू दिलं नाही! ती मास्तरांना कधी उलट बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. म्हणाली की मी रोज मनात तुमची क्षमा मागत होते, रोज, आणि तुम्ही मला ती मागू देत होतात. मास्तर ऐकत राहिले. मग हळू म्हणाले की तुला सांगितलं असतं तर ह्याला परत आणायला जावं लागलं असतं, आणि ह्याच्यासमोर उभं राहायचं तोंड मला नव्हतं. दोष तुझा बाहीपुरता होता. मी बोललो ते त्याच्या पायांवर बोललो.

"बसून कापणारा म्हणालो मी तुला," ते भावाकडे बघून म्हणाले. "लोकांसमोर. तो शब्द मला गिळतही आला नाही आणि परतही घेता आला नाही."

राग नव्हता असं भावजींनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, दोन वर्षं होता, चांगला कडक होता. नंतर उतरला, पण तोवर इतके दिवस झाले होते की कुठल्या तोंडाने यायचं ते कळेना. मग त्यांनी कुबडी टेबलाला टेकवली आणि जमिनीवर बसलेल्या थोरल्या भावाला उठवायला हात पुढे केला. ज्याला स्वतःला उभं राहायला आधार लागतो त्याने आधार दिला. मास्तरांनी तो हात धरला आणि तसेच बसून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. चहा तोवर उकळून उकळून आटला होता. लेकीने दुसरा टाकला.

चहा पिताना भावजींनी विचारलं की डॉक्टरांना टेबलाचं सांगितलं होतं ना. नवरा-बायको दोघांनीही कपात नजर घातली. लेकीने आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि तिच्या शाळेतल्या पोरांना ज्या आवाजाची भीती वाटत असेल त्या आवाजात म्हणाली, म्हणजे डॉक्टरांना खोटं सांगितलंत तुम्ही दोघांनी? दोघं पोरांसारखीच खाली मान घालून बसली. काकाने मग पुतणीला दटावलं, पण गालात हसत.

सोमवारी ती दवाखान्यात गेली, पण दाखल व्हायला नाही. डॉक्टर रागावतील, फाइल तोंडावर फेकतील, असं काहीबाही मनात येत होतं. डॉक्टर किडकिडीत होते, थकलेले होते आणि हळू बोलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलाचं, दहा इंचांचं, अगदी भावजींचंही, कारण तिला ते सोडून सांगताच येईना. मग त्यांनी तिला चवड्यांवर चालायला लावलं, टाचांवर चालायला लावलं, आडवं करून पाय उचलून पाहिला, बोटांची ताकद पाहिली. आणि खुर्चीत बसून म्हणाले की मी ऑपरेशन सुचवलं ते व्यायामाने गुण आला नाही म्हणून. पण अर्धा तास व्यायाम करून तुम्ही आठ तास तो पुसून टाकत होतात, हे मला ठाऊक नव्हतं.

पायात ताकद आहे, ते म्हणाले, तेव्हा घाई नाही. टेबल उंच करा, तीन महिने नीट व्यायाम करा, दर तासाला काम थांबवून चाला, मग पाहू. पाय लुळा वाटला, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवीला त्रास झाला, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, लगेच यायचं. दुखणं पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. ऑपरेशननेही देत नव्हतो. मग तिने सोबत आणलेला तो बिनसहीचा फॉर्म त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"निर्णय तुमचाच आहे," ते म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही निम्मंच सांगून ठरवत होतात. आता सगळं सांगून ठरवा."

तिने मास्तरांकडे पाहिलं. 'तू ठरवशील तसं' त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, मला वाटतं थांबावं, मला भीती वाटते. एवढं सरळ वाक्य ते लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असतील. तिला एकदम हलकं वाटलं... कुणीतरी आपल्याबरोबर घाबरतंय याचं एवढं समाधान असतं, हे तिला माहीत नव्हतं. तिने फॉर्मची घडी घातली आणि सांगितलं की मी तीन महिने थांबते.

घरी आल्यावर मास्तर शिडी लावून माळ्यावर चढले. बराच वेळ वरून धूळ खाली पडत होती. मग ते उतरले ते कापडाच्या काठाच्या पट्टीने बांधलेली एक मोळी घेऊन. आत सागवानाचे चार ठोकळे होते, आणि प्रत्येकावर सासऱ्यांच्या अक्षरात खडूने आकडा... एक, दोन, तीन, चार. टेबलाचे कापलेले पाय! ज्या शिंप्याने आयुष्यात वीतभर चिंधी कधी फेकली नाही, तो सागवान कसा फेकेल? भावजींनी एका ठोकळ्याला टेप लावली. दहा इंच होते, एका दोऱ्याचाही फरक नव्हता. तिने ठोकळ्यावरची धूळ पुसली, पण आकडा पुसू दिला नाही.

समोरच्या सुताराने दुपारभर बसून ठोकळे पायांना जोडले, दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारल्या. प्रत्येक पायाला चार स्क्रू. शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा लेक म्हणाली की आईच्या पाठीत जायचे होते ते टेबलाच्या पायात गेले, आणि चाराऐवजी सोळा गेले. सुताराला त्यात हसण्यासारखं काय ते समजलं नाही. मास्तर मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुखणं काही जादूने गेलं नाही. पहिले पंधरा दिवस तर कंबर, सरळ राहायची सवयच मोडली होती म्हणून, उलट जास्त कुरकुरली. ती व्यायाम करायची, दर तासाला दुकानापासून कोपऱ्यापर्यंत फेरी मारायची, आणि ती विसरली की मास्तर मशीन थांबवून नुसते घड्याळाकडे बघायचे. दुसऱ्या महिन्यात करंगळीपर्यंत जाणारी सणक गुडघ्यापाशी थांबू लागली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मास्तर मोजा चढवायला वाकले, तर तिने तो आधीच घातलेला होता. दोन्ही पायांत! ते तसेच वाकलेले राहिले, मग उगाच तिच्या बुटाची नाडी बांधली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता ऑपरेशनचं नाव नको, सहा महिन्यांनी तोंड दाखवून जा. फॉर्म परत द्यावा का, असं तिने विचारलं. ते म्हणाले ठेवा तुम्हीच. तिने त्याच्या कोऱ्या पाठीवर लहान बाहीचा नमुना काढला, एका बाजूला 'डावी' लिहिलं आणि उलट्या बाजूला 'उजवी'.

भावजींनी कारखाना सोडला नाही. तिथे त्यांच्या हाताखाली वीस माणसं होती आणि त्यांना ते आवडत होतं. पण ते दर दुसऱ्या शनिवारी यायला लागले. येताना तसंच एक उंच स्टूल त्यांनी करून आणलं, फळीसकट, आणि ते टेबलाच्या एका टोकाला कायमचं ठेवून दिलं. आता एका टोकाला ते बसून कापत, दुसऱ्या टोकाला ती उभ्याने कापत, आणि मधल्या कापडावरून दोघांची जुनी चिडवाचिडवी सुरू होई. तिची रेघ अजून जाडच आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

टेबलासमोर खिडकी होती. ती पहिल्यापासून तिथेच होती, पण अकरा वर्षं तिला दिसलं होतं ते फक्त कापड आणि खडू. कोण आलं हे पायरीवर पाय वाजल्यावर कळायचं. अशाच एका शनिवारी ती एका कोटाची पाठ कापत होती, सरळ उभी राहून, आणि कात्री वळवायला क्षणभर थांबली तेव्हा सहज समोर नजर गेली. रस्त्याच्या पार टोकाला, वळणापाशी, एक माणूस बसमधून उतरून कुबडी सावरत होता. तिने कात्री खाली ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिली.